दयाळ: पांढऱ्या कागदावर पांढरं पोट

दयाळाच्या नराचं चित्र आता अर्ध्याच्या पुढे गेलंय. ३०० जीएसएमचा हॉट प्रेस, म्हणजे जाड आणि गुळगुळीत कागद, आणि जलरंग. पक्षी खऱ्या मापात घेतलाय. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १९ सेंटिमीटर, म्हणजे शेवग्याच्या फांदीसकट ए-४ वर नीट मावतो.

ट्यूबमधला काळा वापरलेला नाही. आधी सगळ्या काळ्या भागावर फिकट निळा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ थर, दिला आणि तो पूर्ण वाळल्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणाचे थर चढवले. डोकं, पाठ, छाती इथे झळाळी हवी तिथे खालचा निळा उघडा ठेवला. ही झाक निळ्या रंगद्रव्याची नसतेच. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो, म्हणून ती दिसते. पंखातली लांब पिसं मात्र निस्तेज, तपकिरीकडे झुकणारी. तिथे सिएना वाढवली आणि पंख लगेच अंगापासून सुटा दिसायला लागला.

शेपटीला सगळ्यांत जास्त वेळ दिला. गाणाऱ्या पक्ष्यांच्या शेपटीत साधारणपणे १२ पिसं असतात. दयाळाची मधली काळी, कडेची पांढरी. शेपटी मिटली की मधली जोडी सगळ्यांवर येते, म्हणून शेपटी वरून काळी आणि खालून पांढरी दिसते. उभारलेली शेपटी पाठमोऱ्या पक्ष्यात पांढरीच दिसणार. माझा दयाळ आपल्याकडे तोंड करून गातोय, तेव्हा काळी बाजू समोर आणि कडेला फक्त पांढरी रेघ.

आता पोट. पांढऱ्या कागदावर पांढरं, मागे काहीच नाही. १७७७ ते १७८२ च्या सुमारास कलकत्त्यात तिथल्या सरन्यायाधीशांच्या पत्नी मेरी इम्पी यांच्यासाठी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याकडच्या चित्रकारांनी पक्षी असेच मोकळ्या कागदावर रंगवले. मागे गडद झाडी भरून पांढरं उठवणं सोपं, पण मला ते पटत नाही. मग नजर पिसांवर ठरत नाही. म्हणून बाह्यरेषा न ओढता पोटाच्या खालच्या अंगाला अगदी पातळ करडा-जांभळा दिला, आणि पानांजवळ किंचित हिरवट. सर्वांत उजळ जागी कोरा कागदच आहे.

पाय बाकी आहेत: तीन बोटं पुढे, एक मागे, फांदीवर घट्ट आवळलेली. त्यानंतर याच मापात मादी. तिचा करडा गळा पोटाच्या पांढऱ्यात हळूहळू विरत जातो, तेव्हा तिथे कागद ओला असतानाच रंग सोडणार आहे.