लहान मुलांच्या गाठी मोजताना: थीसिसमधले रेकॉर्ड रूमचे तीन आठवडे

एमडी पॅथॉलॉजीच्या थीसिससाठी मी विषय घेतला होता: आमच्या हॉस्पिटलात दहा वर्षांत आलेल्या, १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या गाठी. मंजुरी मिळाली, रजिस्टरांवरून यादी निघाली. अडले ते १७ नोंदींपाशी. निदानाच्या रकान्यात एवढंच लिहिलेलं, 'लहान गोल पेशींची घातक गाठ'.

इविंग सार्कोमा (बहुधा हाडाचा), न्यूरोब्लास्टोमा (कोवळ्या मज्जापेशींचा), रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंचा), लिम्फोमा (लसिका पेशींचा), अशा निरनिराळ्या कॅन्सरच्या गाठी नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये सगळ्या सारख्याच दिसू शकतात. वेगळ्या ओळखायला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिनं अँटिबॉडी वापरून दाखवणारे खास स्टेन, लागते, आणि विकसनशील देशांतल्या कितीतरी हॉस्पिटलांत ती सोय नसते. मुलांच्या कॅन्सरचं २००५चं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण बारा गटांचं आहे. माझी ही १७ मुलं शेवटच्या 'इतर व अनिर्दिष्ट' गटात टाकून मी मोकळी झाले असते. पण मन होईना. गाठीचे तुकडे मेणात बसवून जपलेले जुने ब्लॉक मिळाले तर नव्याने काप घेऊन स्टेन करता येणार होते.

ब्लॉक रेकॉर्ड रूममध्ये. तिथे पहिल्या दिवशी ऐकलं, "सोमवारी या." सोमवारी किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. पुढच्या सोमवारी कळलं की अर्जावर विभागप्रमुखांची सही चालत नाही, वरच्या ऑफिसची लागते. सही आणली, तर म्हणे अर्जात ब्लॉक नंबर नाहीत, नुसते रुग्ण नंबर आहेत. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? मला अजून राग येतो. त्या कपाटात कुणाच्या तरी लेकराचं अर्धवट राहिलेलं निदान पडून होतं. म्हणून सांगते, अर्जात ब्लॉक नंबर, वर्ष आणि तुकड्यांची संख्या आधीच लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

तीन आठवड्यांनी आत जायला मिळालं. १७ पैकी ११ ब्लॉक सापडले.

आधी सांगायचं राहिलं: वयाचा रकाना डोळे झाकून घेऊ नका. एका पानावर नुसता '४' होता. वर्षं की महिने? केसपेपर काढल्यावर कळलं, महिने. नवजात बाळांची नोंद तर आईच्या नावावर असते आणि कधी वयही आईचंच पडतं. माकडहाडापाशी टेराटोमा (निरनिराळ्या ऊतींची मिळून बनलेली गाठ) असलेलं एक बाळ माझ्या यादीतून असंच निसटलं होतं. उलट विल्म्स ट्यूमरचं (मूत्रपिंडाच्या कॅन्सरचं) एकच मूल आधी बायॉप्सीला आणि नंतर काढलेल्या मूत्रपिंडासोबत, असं दोनदा मोजलं गेलं होतं.

पुस्तकात क्रम असतो ल्युकेमिया, मेंदूच्या गाठी, लिम्फोमा. माझ्या तक्त्यात लिम्फोमा, रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) आणि विल्म्स वर; मेंदूच्या गाठी तळाला; ल्युकेमिया जवळजवळ नाहीच. गाईड मॅडमनी विचारलं, "बोनमॅरोचं रजिस्टर पाहिलंस का?" ल्युकेमियाचं निदान बोनमॅरोवरून होतं, आणि ते रजिस्टर हिमॅटॉलॉजीकडे, म्हणजे रक्तविकार विभागाकडे होतं. मेंदूच्या गाठींचं म्हणाल तर जिथे एमआरआय नाही, न्यूरोसर्जन नाही, तिथे असं मूल निदानापर्यंत पोचतच नाही. हॉस्पिटलचा तक्ता म्हणजे समाजातलं प्रमाण नव्हे, हे थीसिसमध्ये ठळक लिहा. काही फरक मात्र खरे असतात. विषुववृत्तीय आफ्रिकेत बर्किट लिम्फोमा खरोखरच जास्त आहे, मलेरिया आणि एपस्टीन-बार विषाणू यांच्या जोडीमुळे. डेनिस बर्किट यांनी युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींवर १९५८ साली लिहिलं, तेही हॉस्पिटलात आलेली मुलं पाहूनच.

श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रेटिनोब्लास्टोमाच्या नोंदी वाचताना हे आकडे मला सहन होत नव्हते. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते तेव्हाच मूल आलं तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही. आमच्याकडच्या बहुतेक नोंदींत डोळा बाहेर आलेला होता.

नंतर आणखी एक ब्लॉक मिळाला. नमुना डिसेंबरअखेरचा, रिपोर्ट जानेवारीचा, म्हणून तो पुढच्या वर्षाच्या कप्प्यात होता. तुमचे ब्लॉक सापडत नसतील तर आधी तिथे बघा. नवा काप घेतला. गडद पेशींच्या दाटीत मधेमधे फिकट मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी), चांदण्यांनी भरलेलं आकाश दिसावं तसं. स्टेनही जुळले. बर्किट. यादीतली ती ओळ खोडून मी नवं निदान लिहिलं आणि मॅडमना दाखवायला तशीच वर पळाले.