दिंडीत टिळकांचा अभंग

आमच्या घरात वारी नव्हती, पण टाळ होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातल्या चर्चला ऑर्गन कधी परवडलाच नाही. बाजाची पेटी, ढोलकी आणि टाळ एवढ्यावर रविवारची उपासना व्हायची. आजी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक न उघडताच गायची, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि गीतं सगळी पाठ होती. त्यातली निम्मी नारायण वामन टिळकांची.

त्यामुळे शाळेतल्या एका सहकाऱ्याने "आमच्या दिंडीत चला की, सर" म्हटल्यावर मी फार आढेवेढे घेतले नाहीत. घरी मात्र काकांनी बजावलं, "चालायचं तर चाल, मूर्तीपुढे वाकू नकोस." लोणंदला माऊलींच्या पालखी सोहळ्यात सामील झालो. दिंडीतल्या जेवणखर्चाची वर्गणी, म्हणजे भिशी, भरली, पावती घेतली. आडनावावरून कुणाला काही कळलं नाही. आमची आडनावं गायकवाड, साळवे, शिंदे अशीच असतात.

ख्रिस्ती आणि हिंदू भक्तीत सारखं काय, असं विचारलं की लोक नवसाचं बोलतात. खोटं नाही ते. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहतात. आत्याचं सासर कॅथलिक. ती मंडळी सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेला पायी जातात, मेणबत्त्या लावतात, जपमाळ ओढतात. कुणी लांबून पाहिलं तर जत्रा कोणत्या धर्माची ते झेंड्यावरूनच ओळखावं लागेल. पण नवस जगात सगळीकडे आहे. दिंडीत चालताना मला जे ओळखीचं वाटलं ते त्याच्यापेक्षा खोल होतं.

दिंडीत मनाला येईल ते म्हणत नाहीत. पहाटे काकडा, वाटेने मंगलाचरण, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. क्रम ठरलेला. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे शब्द आपल्या तोंडात घ्यायचे आणि पाय त्यांच्या तालावर टाकायचे. आमच्या उपासनेलाही असाच क्रम आहे: स्तोत्र, पापांगीकार, वाचन, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. लहानपणी मला तो कंटाळवाणा वाटे. तरडगावच्या रस्त्यावर पावसात, पायाला फोड आलेले असताना कळलं की हा क्रम कशासाठी असतो. त्या वेळी माझ्याकडे देवाला सांगण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या टाळकऱ्याचं चरण संपलं की आपलं धरायचं, एवढंच उरलं होतं, आणि तेवढ्यावर चाललं.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिंड्या, मधून अश्व धावणार. हे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही, तो माऊलींचा. बघताबघता दोन्ही घोडे निघून गेले आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी खाली वाकून टापांखालची माती कपाळाला लावली. चिमूटभर माझ्याही हातावर ठेवली. मी ती फेकली नाही, कपाळालाही लावली नाही, खिशात टाकली. डोळ्यांपुढे आमच्या चर्चमधला क्रूस आला. कॅथलिकांच्या क्रूसावर येशूची मूर्ती असते. आम्हा प्रोटेस्टंटांचा क्रूस रिकामा, कारण येशू मरणातून उठला आहे. जिथे कुणी दिसत नाही तिथेच तो आहे असं मानणारी माणसं इकडेही आहेत, तिकडेही. याच्या पुढे ही तुलना ताणायला नको, हे मला कळतं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब तर एवढीसुद्धा मान्य करणार नाहीत.

मुक्कामाला समाज आरती होते. पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात सगळं गप्प. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मग आरती पुढे. हे मला फार आवडलं. तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही! तुकोबा विठ्ठलाशी ज्या भाषेत भांडतात ती ऐकून बाहेरच्याला वाटेल हा नास्तिक आहे. आमच्या स्तोत्रसंहितेतला दावीद तेच करतो. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच 'किती काळ विसरणार' या सवालाने होते. आम्ही चर्चमध्ये ते इतकं गोड चालीत म्हणतो की त्यातलं भांडण ऐकूच येत नाही. (आरतीआधी हरवल्या-सापडल्याच्या सूचनाही होतात: एक पिशवी, एक चष्मा, नातेवाइकांची वाट पाहणारी एक आजी. चर्चच्या मंडळीच्या सूचना सांगताना आमचे सेक्रेटरी याच सुरात बोलतात.)

फलटणला राहुटीत जेवणं झाल्यावर विणेकरी बाबांनी विचारलं, "सर, तुम्ही मघापासून गप्प. तुमचं काही होऊ द्या." सहकाऱ्याने माझ्याबद्दल त्यांना सांगितलेलं दिसत होतं. मी टिळकांचा एक अभंग धरला. दुसऱ्या चरणाला पखवाज आला, तिसऱ्याला टाळ. चाल शिकवावी लागली नाही, अभंगाला कोण शिकवतं? ख्रिस्ताचं नाव आलं तिथे पखवाज किंचित अडखळला, पुन्हा सुरू झाला. संपल्यावर बाबा म्हणाले, "कुणाचा?"

"टिळकांचा."

"लोकमान्यांचा?"

सगळे हसले. मग मी सांगितलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा हा चित्पावन ब्राह्मण 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत राहिला. नगरात अमेरिकन मिशन 1831 पासून होतं, पण विलायती चालींची भाषांतरित गीतं आमच्या आजीच्या पिढीच्या तोंडात बसणारी नव्हती. टिळकांनी ती अडचण सोडवली. आणि त्यांच्याही कितीतरी आधी, 1616 साली, गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने अख्खी ख्रिस्तकथा ओवीत लिहिली होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पुलावरून परत यायला काय हरकत होती?" यावर पुन्हा हशा. मला उत्तर सुचलं नाही. वाद घालायची ती जागाही नव्हती. येशूसारखा दुसरा तारणारा नाही, ही माझी श्रद्धा पंढरपूरला जाऊनही तीच आहे, आणि त्यांची विठ्ठलावरची. दोन्ही शेवटी एकच, असं म्हणणं सोपं आहे. त्यात दोघांचाही अपमान होतो असं मला वाटतं.

एकादशीला दर्शनाच्या रांगेत मी गेलो नाही. कितीतरी वारकरी कळस पाहूनच परततात. महाद्वारी नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे, तिथे मात्र थांबलो. आमचे पणजोबा महार होते. ते ख्रिस्ती झाले तेव्हा या दारातून आत जायची त्यांना मुभा नव्हती. ती 1947 साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर मिळाली. आणि ख्रिस्ती झाल्यावर तरी जात सुटली का? महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती हा हिशेब सोयरीक जुळवताना आमच्यात अजून निघतो.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होता. दह्यात कालवलेल्या लाह्यांचा घास बीडकडच्या एका शेतकऱ्याने बोटांनी थेट माझ्या तोंडात भरवला, नाव विचारलं नाही, मग हात पुढे करून माझ्याकडून घास मागितला. प्रभुभोजनाचाही अर्थ एक भाकर मोडून सगळ्यांनी खाणं, एकाच प्याल्यातून पिणं हाच आहे. आमच्या चर्चमध्ये ट्रेमधून छोट्या छोट्या काचेच्या पेल्या फिरतात आणि भाकरीचे तुकडे आधीच सुरीने कापून ठेवलेले असतात. स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरोबर आहे, मान्य. तरी मंडळीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे, निदान भाकर तरी सगळ्यांसमोर मोडा म्हणून. काका आताच म्हणताहेत, "हे वारीचं खूळ."