कोंड्यातला रंग: आमच्या गिरणीची वाटचाल

घोटीत नानांनी भातगिरण घातली त्या काळी चांगल्या तांदळाची पारख एकच होती: पांढरा शुभ्र आणि चकचकीत. इगतपुरी, त्र्यंबक, हरसूलकडची साळ आमच्याकडे यायची. व्यापारी मूठभर तांदूळ उन्हात धरायचा आणि चमक बघून भाव बोलायचा. १९८७ साली प्रसारित झालेली इंद्रायणी आमच्या पट्ट्यात रुजली, तेव्हापासून हंगामात गिरणीला उसंत राहिली नाही. शंभर किलो साळीतून साधारण २० किलो तूस आणि आठ-दहा किलो कोंडा निघतो. तूस भट्टीला, कोंडा गुरांना. हा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आले.

वनस्पतिशास्त्रात बीएस्सी करून मी गिरणीवर बसायला लागले, त्या पहिल्याच हंगामातली ही गोष्ट. त्र्यंबकच्या वरच्या पाड्यावरून एक आजी दोन पायल्या लाल भात घेऊन आल्या. घरी सून बाळंत झाली होती. "पोरी, नुसतं टरफल काढ, घासू नको," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. गर्दीत मी ऑपरेटरला सांगायचं विसरले. तांदूळ खाली पडला तो पांढरा, फक्त दाण्याच्या खाचेत बारीक लाल रेघ उरलेली. आजींनी चार दाणे तळहातावर घेऊन बघितले. "हा आमचा भात नाही," एवढंच म्हणाल्या. भरपाई द्यावी म्हटलं तर लाल तांदूळ आमच्या घरात नव्हताच.

त्या लाल रेघेनं मला पुन्हा अभ्यासाला बसवलं. भाताच्या १२ गुणसूत्रांचा पूर्ण नकाशा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्या कामात भारतीय शास्त्रज्ञही होते. पुढच्याच वर्षी लाल रंगाचं कोडं उलगडलं. रानटी भात मुळात लालच. सातव्या गुणसूत्रावर 'आरसी' नावाचं जनुक आहे, त्यातली डीएनएची अवघी १४ अक्षरं गळाली आणि दाण्याच्या सालीत, म्हणजे टरफलाखालच्या कोंड्याच्या थरात, लाल रंग तयार होणं थांबलं. जगात आज शिजणाऱ्या बहुतेक पांढऱ्या तांदळात हीच १४ अक्षरांची तूट आहे. म्हणजे आजींचा भात जुना आणि पांढरा मागाहून आलेला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

हा रंग बनवतात ती एन्झाइमं, म्हणजे पेशीत रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं. त्यांचं काम गिरणीवाल्याला लवकर समजतं. आमच्याकडे साळ आधी चाळणीत, मग खडे काढायच्या यंत्रात, मग टरफल काढणाऱ्या शेलरमध्ये जाते. एक यंत्र बंद पडलं की पुढची सगळी रिकामी फिरतात. रोपाच्या पेशीतही तसंच. कच्चा माल फिनाइलअॅलनिन नावाचं अमिनो आम्ल. पीएएल हे एन्झाइम त्यातला अमोनिया काढतं, पुढे चालकोन सिंथेज तीन कड्यांच्या सांगाड्याचा पाया घालतं, मग एकेक एन्झाइम थोडा थोडा बदल करत जातं. वाटेत डीएफआर नावाचं एक एन्झाइम लागतं, त्याचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर. लाल आणि काळा, दोन्ही भातांना ते लागतंच. आरसी शाबूत असूनही डीएफआर नसेल, तर दाणा लाल न होता तपकिरी राहतो.

आरसी स्वतः रंग बनवत नाही, ते मुकादम आहे: कामगार एन्झाइमांना कामावर बोलावतं. काळ्या भातात मुकादम दुसरा, चौथ्या गुणसूत्रावरचा 'काला-४'. त्याच्या स्विचच्या भागात पूर्वी कधीतरी उलथापालथ झाली आणि दाण्याच्या सालीत अँथोसायनिन हे जांभळं रंगद्रव्य भरायला लागलं, हे जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवलं. लाल भातातलं रंगद्रव्य प्रोअँथोसायनिडिन, काळ्यातलं मुख्यतः सायनिडिन-३-ग्लुकोसाइड हे अँथोसायनिन. ही दोन्ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं सालीतच असतात, आणि ती साल आम्ही वर्षानुवर्षं गुरांच्या पाटीत ओतत होतो.

नाना आधी राजी नव्हते. शेवटी म्हणाले, "एक हंगाम कर." आम्ही बिनपॉलिशचा लाल आणि काळा तांदूळ पाकिटात भरून नाशिकच्या दुकानांत ठेवला. उन्हाळा लागला तशी पाकिटं परत यायला लागली. तांदळाला खवट वास. कोंड्याच्या थरात तेल असतं. टरफल निघताना तो थर दुखावला की लायपेज नावाचं एन्झाइम तेलाला भिडतं, आणि मग वास यायला वेळ लागत नाही. ज्या दाण्यात जोडणारी एन्झाइमं, त्याच दाण्यात तोडणारीही. तेव्हापासून आम्ही साळ तुसासकट साठवतो, ऑर्डर आली की तेवढीच काढतो आणि पाकिटावर भरडल्याची तारीख छापतो.

बियाण्यानंही असंच शिकवलं. एका शेतकरी दादांचं काळ्या भाताचं खाचर इंद्रायणीच्या बांधाला लागून होतं. दाणे काळेभोर बघून आम्ही त्यातलंच बियाणं ठेवलं. तिसऱ्या हंगामात काही लोंब्या तपकिरी, काही पांढऱ्या निघाल्या. भातात परपरागण, म्हणजे एका रोपाचे पराग दुसऱ्यावर पडणं, फार थोडं होतं, पण होतं. आणि दाण्याची साल ही आईच्या रोपाची असते. आत संकर झाला तरी त्या वर्षी दाणा बाहेरून काळाच दिसतो. भेद दोन पिढ्यांनी उघडा पडतो. म्हणून आता दाणा पाहून नाही, उभ्या पिकातल्या लोंब्या पाहून बियाणं निवडतो, तेही खाचराच्या मधल्या भागातून. कडेच्या चार ओळी सोडून देतो.

डोंगरे वसतिगृह मैदानावर प्रदर्शन असलं की स्टॉलवर काळा तांदूळ भिजवलेलं पाणी दोन ग्लासांत ठेवते. एकात लिंबू पिळलं की जांभळं पाणी लालभडक होतं, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की निळसर-हिरवट. पोरं पुन्हा पुन्हा करून बघतात. मोठी माणसं विचारतात, "याने शुगर जाते का हो?" मी नाही म्हणते. परीक्षानळीत जे दिसतं तेच शरीरात होईल असं नाही, आणि शिजवतानाही त्यातला काही भाग जातो. आजाराचं नाव आम्ही पाकिटावर छापत नाही. गिऱ्हाईक कमी मिळालं तरी चालेल. भिजवलेलं पाणी फेकू नका, त्यातच भात शिजवा, एवढं मात्र प्रत्येकाला सांगते.

आजींची सून आता दरवर्षी लाल भात घेऊन येते, मुलगा सोबत असतो. त्या दिवशी आम्ही पॉलिशरचा पट्टा उतरवून नानांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगतो आणि शेवटचं पोतं भरेपर्यंत तो तिथेच राहतो.