कुळथाची पिठी आणि गरम भात

रात्री साडेआठला घरी पोचल्यावर चार पदार्थ रांधायची गरज नसते. आमच्याकडे अशा दिवशी कुळथाची पिठी होते. कुकरला भात लावायचा, तो होईस्तोवर पिठी तयार.

पीठ मी कोकणातूनच मागवते. कुळीथ खमंग भाजून, भरडून, सालं पाखडून मग दळलेलं. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे वेगळं वरण नसलं तरी चालतं.

तिघांना 4 मोठे चमचे पीठ आणि साधारण 3 वाट्या पाणी पुरतं. पीठ आधी गार पाण्यात कालवून ठेवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कढईत तेल, मोहरी, हिंग आणि सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या. इथे मात्र घाई नको! लसूण कडेने तांबूस व्हायला हवा, पिठीची निम्मी चव त्यातच आहे. मग हिरवी मिरची, हळद, पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. उकळी आली की कालवलेलं पीठ सोडायचं आणि रटरटेपर्यंत ढवळत राहायचं. गार होताना ती दाटते, म्हणून उतरवताना पातळच हवी.

वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. सोबत भाजलेला पोह्याचा पापड. मासे खाणाऱ्यांनी सुकट जरूर परतावी, माझ्या मते पिठीला तिच्याइतकी जोड कशाचीच नाही. उरलीच तर सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर खा, रात्रभर मुरून आमसुलाचा आंबटपणा छान उतरलेला असतो.