नखाला लागणारा सांधा

मिग-२१ या विमानाची पंखांची रुंदी ७.१५ मीटर. १/७२ प्रमाणाच्या प्लास्टिक मॉडेलमध्ये ती जेमतेम १० सेंटीमीटर भरते. एवढंसं विमान जोडायला कितीसा वेळ लागणार? जोडायला खरंच लागत नाही. धडाचे दोन अर्धे जुळवायचे, पातळ सिमेंटचा, म्हणजे मॉडेल जोडायच्या पातळ द्रवाचा, ब्रश फटीला नुसता टेकवायचा. ते आपोआप आत पळतं, प्लास्टिक विरघळवतं आणि दोघांचं एक करून टाकतं.

वेळ खातो तो पाठीवर उरलेला सांधा. पुट्टी भरायची, वाळू द्यायची, मग ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ८००, मग १२००, सगळं पाण्यात बुडवून. डोळ्यांना चकचकीत दिसतं. नख फिरवलं की सांधा हजर! करड्या प्रायमरचा एक हात मारला की राहिलेलं सगळं उघडं पडतं आणि पुन्हा पुट्टीची ट्यूब शोधावी लागते.

या घासाघाशीत पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेषाही जातात. त्या सुईने परत कोरायच्या. खरं तर हा शुद्ध खोटेपणा. ०.३ मिलिमीटरची रेषा ७२ पट केली तर दोन सेंटीमीटरहून मोठी फट होते. असलं विमान कुणी धावपट्टीवर तरी नेईल का? प्रमाणाशी इमान राखायचं तर रेषा दिसताच कामा नयेत. पण मग मॉडेल साबणाच्या वडीसारखं दिसतं. म्हणून खोटं तर खोटं, मी कोरतो. प्रत्येक रेषेत काळा रंग ओतणारे मात्र मला पटत नाहीत. विमानं पुसणारी माणसं असतात हो हवाई दलात!

आपल्याकडे मिग-२१ आलं १९६३ मध्ये. पुढे नाशिकजवळच्या ओझरला ती शेकड्यांनी तयार झाली, आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये त्यांना निरोप दिला गेला. त्यामुळे शेपटीजवळ थोडी काजळी, पोटाखाली तेलाचे एकदोन ओघळ, एवढं वय दाखवायला हरकत नाही.

नाकापुढची पिटो नळी, म्हणजे हवेतला वेग मोजणारी नळी, किटमध्ये जाडजूड येते आणि शर्टाची बाही लागली तरी मोडते. तिथे इंजेक्शनची सुई झकास बसते. ती आणायला गेलो तर मेडिकलवाला विचारतो, ‘‘पेशंटचं वय?’’

‘‘बासष्ट.’’