कोरहाच्या वंशजांची अकरा स्तोत्रे

बायबलमधली स्तोत्रसंहिता म्हटले की दावीद राजा आठवतो, आणि १५० पैकी ७३ स्तोत्रांवर त्याचे नाव आहेही. पण ४२, ४४ ते ४९, ८४, ८५, ८७ आणि ८८ या अकरांच्या माथ्यावर 'कोरहाच्या मुलांचे' असे लिहिलेले असते. वाचणारे ही ओळ सोडून थेट पहिल्या वचनावर जातात. ती सोडली की निम्मा अर्थ हातचा जातो.

कोरह लेवी वंशाचा, म्हणजे इस्राएलातल्या उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाचा. बायबलच्या 'गणना' या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात तो इस्राएलाचा पुढारी मोशे आणि त्याचा भाऊ, याजक अहरोन यांच्याविरुद्ध उठतो, जमीन दुभंगते आणि माणसे जिवंतपणी अधोलोकात जातात. दहा अध्यायांनंतर (२६:११) एकच छोटे वाक्य येते : कोरहाची मुले मात्र मेली नाहीत. पुढे त्याच घराण्यातले लोक मंदिराचे द्वारपाळ आणि गायक झाले.

आता ४६ वे स्तोत्र उघडा. पृथ्वी ढळली, डोंगर समुद्रात कोसळले तरी आम्ही भिणार नाही, असे म्हणणाऱ्यांचा पूर्वज जमिनीनेच गिळला होता! ४९:१५ मध्ये देव माझा जीव अधोलोकाच्या हातून सोडवील, ही खात्री आहे. ८४:१० मधली देवाच्या घराच्या उंबरठ्यापाशी उभे राहण्याची इच्छा म्हणजे नुसती नम्रता नव्हे. १ इतिहास ९:१९ प्रमाणे उंबरठे राखणे हे या घराण्याचे नेमून दिलेले काम होते. आणि ८५:११ मध्ये त्याच भूमीतून सत्य उगवते.

४२ आणि ४३ मात्र सलग वाचा. ४३ ला स्वतंत्र शिरोलेख (माथ्यावरची ओळ) नाही, आणि 'माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' हे पालुपद ४२:५, ४२:११ आणि ४३:५ असे तीनदा येते. ४२ वरच थांबलात तर तिसरे कडवे राहते, आणि मंदिराकडे परत नेण्याची विनवणी त्यातच आहे. ४२ च्या सुरुवातीची, पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीची तहान सुंदर म्हणून तेवढीच उचलली जाते. गाणारा यार्देन नदी आणि हर्मोन डोंगराच्या मुलखात, मंदिरापासून लांब अडकला आहे, हे ४२:६ सांगते. (हिब्रू प्रतीत शिरोलेखालाच पहिले वचन धरतात, म्हणून वर दिलेल्या स्तोत्रवचनांचे आकडे तिथे एकाने वाढतात. अपवाद ४३ चा.)

हे शिरोलेख मागाहून जोडले गेले असावेत, असे बरेच अभ्यासक मानतात. मानू या. तरी ज्यांनी ते जोडले, त्यांना कोरहाचे नाव लपवावेसे वाटले नाही, हे मला जास्त बोलके वाटते.

८८ वे सर्वांत कठीण. त्यावर हेमान नावाच्या आणखी एका व्यक्तीचेही नाव आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी विश्वासाकडे किंवा स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. त्याचा शेवट अंधारात होतो. म्हणून प्रार्थनेत ते वाचताना पुष्कळजण घाईने ८९ ची सुरुवात जोडतात. तसे करू नका. आधाराची ओळ शोधायचीच असेल तर ती पहिल्याच वचनात आहे : रात्रंदिवस हाक मारणारा हा माणूस देवाला अजूनही आपला तारणकर्ता म्हणतो.