रत्नकिळा

मराठी भाषा दिन आला की गोव्यातल्या कार्यक्रमांत फादर थॉमस स्टीफन्सची ओवी कुणीतरी म्हणतंच:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कीं रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

टाळ्या पडतात त्या शेवटच्या चरणाला. मी मडगावच्या सोनाराच्या घरातला, माझं मन पहिल्याच चरणात अडकतं. कीळ म्हणजे रत्नातून फुटणारं तेज. बोलण्यातून हा शब्द केव्हाच गेला. एका कार्यक्रमात एका मुलाने खणखणीत आवाजात ‘रत्नखिळा’ म्हटलं, तर सभागृहात कुणाची भुवईसुद्धा हलली नाही.

हरळ म्हणजे बारीक खडे, तांदूळ निवडताना काढून टाकतो तसले. आणि त्यांच्यात रत्न आहे असं फादर नुसतं म्हणत नाहीत, रत्नकिळा म्हणतात. हे मला फार खरं वाटतं. खड्यांच्या ढिगात रत्न आधी दिसत नाही, त्याची तिरीप दिसते.

आमचे बाबा खडा कधी ट्यूबलाइटखाली पारखत नाहीत. चिमट्यात धरून दारापाशी नेतात, मागे पांढरा कागद धरतात आणि खडा किंचित कलता करतात. चांगल्या खड्यातून एक बारीक रेघ उसळते, हात जरा हलला की विझते आणि दुसऱ्याच पैलूवर उमटते. काचेचा तुकडा मात्र कसाही फिरवा, गुळगुळीत चकचकत राहतो. “ह्यात उदक ना,” म्हणून बाबा तो परत करतात. पाणी हा धंद्यातला रोजचा शब्द. पण त्या उसळणाऱ्या रेघेला आमच्या दुकानात नाव नाही. जुन्या मराठीत होतं.

ज्ञानेश्वरांच्या अभंगात ते आहे: ‘पांडुरंगकांती दिव्य तेज झळकती, रत्नकीळ फाकती प्रभा’. हृदयनाथांच्या चालीत आशाबाईंनी तो गायला, म्हणून निदान कानावरून तरी हा शब्द गेलेला असतो. (मंगेशकरांचं मूळ गाव मंगेशी आमच्यापासून फार लांब नाही, तेव्हा थोडा अभिमान मिरवू द्या.) इथे तेज आहे, झळकणं आहे, फाकणं आहे, प्रभा आहे, एका दमात उजेडाचे इतके शब्द, तरी एकही फालतू वाटत नाही. विठ्ठलाच्या कांतीला टोक येतं ते कीळ या शब्दाने.

स्टीफन्स जन्माने इंग्रज, गोव्यात आले 1579 साली. हा शब्द त्यांना साष्टीच्या बाजारात मिळाला असेल असं मला वाटत नाही. पोथ्यांतून, ओव्यांतूनच आला असणार. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. त्या लिपीत ‘ळ’साठी दोन ‘एल’ लागतात, आपल्या रोमी कोंकणीत आजही. त्यामुळे रोमी अक्षरांत ‘किळा’ वाचताना नवख्याला तो ‘किल्ला’च वाटायचा. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला पुराण पुन्हा छापलं गेलं, म्हणून ही ओवी आपल्या हाती आहे.

कवी बाकीबाब बोरकरांनी लखलखाटासाठी दुसरा जुना शब्द घेतला, ‘समुद्र बिलोरी ऐना’. बिलोर म्हणजे स्फटिक. त्याची झळाळी एका बिंदूतून उसळत नाही, सगळा पृष्ठभागच उजळ असतो, आणि भरतीच्या कोलव्याला समुद्र दिसतो तसाच. तिथे ‘रत्नकीळ’ बसवून बघा, ओळ लगेच दागिन्यासारखी जड होते.